यीस्टचं पायरुवेट काइनेज एफबीपीला दादच देत नाही, मदत हवी आहे

खटपटी: एमएस्सीचा प्रोजेक्ट. बेकरीच्या यीस्टचा अर्क काढून पायरुवेट काइनेज (पीके, पायरुवेट बनवणारं एन्झाइम) मोजतेय. फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट (एफबीपी) घातलं की वेग वाढतो असं सगळीकडे लिहिलंय. इथे घातलं काय, न घातलं काय, 340 नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचा उतार (म्हणजे एनएडीएच खर्च होण्याचा वेग) तोच! गुरुवारी गाइडना ग्राफ दाखवायचाय. लवकर सांगा प्लीज.

बफरवाला: बफर सोडियमचा असेल तर आधी ओतून द्या. या एन्झाइमला पोटॅशियम लागतं, मॅग्नेशियमही.

खटपटी: दोन्ही आहेत हो. अ‍ॅक्टिव्हिटी भरपूर येतेय, अडलंय एफबीपीपाशी.

निवांत_मास्तर: पीईपी (फॉस्फोएनॉलपायरुवेट, या एन्झाइमचा कच्चा माल) किती?

खटपटी: 10 मिलीमोलर. कमी पडायला नको म्हणून.

निवांत_मास्तर: मग फरक दिसणार कसा? एफबीपीमुळे एन्झाइमची पीईपीवरची पकड वाढते, कमाल वेग फारसा नाही. 10ला ते आधीच तुडुंब भरलंय. 0.2 ते 0.5वर उतरा.

अर्कशास्त्री: कच्च्या अर्कावर हे प्रयोग करूच नयेत. त्यातलं आल्डोलेज एफबीपी फोडतं, निघालेल्या डीएचएपी या तुकड्यावर दुसरं एन्झाइम एनएडीएच खर्च करतं, आणि 340 उगाच घसरतं. आधी कॉलम चालवून एन्झाइम वेगळं करा.

निवांत_मास्तर: गुरुवारपर्यंत कॉलम? एफबीपी घालून पण एडीपी (पीकेला लागणारा दुसरा कच्चा माल) न घालता एक ब्लँक लावायचा, वजा करायचा. झालं.

अर्कशास्त्री: म्हणूनच पोरांना शुद्धीकरण येत नाही.

जुना_जीवरसायन: त्यापेक्षा साखर मोडण्याच्या याच साखळीतलं फॉस्फोफ्रुक्टोकाइनेज घ्या. त्याला फ्रुक्टोज-2,6-बिसफॉस्फेट मायक्रोमोलरमध्येही पुरतं. हे बिसफॉस्फेट हेर्स आणि व्हान शाफ्टिंगेन यांनी 1980मध्ये बेल्जियममध्ये शोधलं, तेही यकृतावर काम करताना. काय दिवस होते!

पावप्रेमी: यीस्टचा विषय निघालाच आहे तर, माझा पाव हिवाळ्यात फुगत नाही. यातलं काही घालता येईल का?

बफरवाला: पीठ उबेला ठेवा.

खटपटी: पीईपी कमी केलं. वेग थोडा उतरला, पण एफबीपीने अजूनही ढिम्म. तयार झालेलं पायरुवेट मोजायला पीके-एलडीएच अशी एकत्र बाटली वापरतेय (एलडीएच म्हणजे पायरुवेटवर एनएडीएच खर्च करणारं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज), त्याने काही होतं का?

निवांत_मास्तर: अहो, हे आधी सांगायचं! त्या बाटलीतलं पीके बहुतेक सशाच्या स्नायूतलं असतं. त्याला एफबीपीचं सोयरसुतक नाही, आणि तुमच्या अर्कातल्यापेक्षा ते कितीतरी जास्त पडतंय. अर्क न घालता चालवून बघा.

खटपटी: आत्ता बघितलं. अर्काशिवायही उतार जवळपास तेवढाच 😭 नुसतं एलडीएच मागवायला आठवडा जाईल.

बफरवाला: आमच्या फ्रीजमध्ये आहे थोडं. पुण्यात असाल तर व्यनि करा.

खटपटी: नाशिकला आहे. उद्या पहाटेच्या एसटीने येते, बर्फाचा डबा आणू का?