तंबोऱ्याची जवारी फोटोत कशी दाखवायची? (मिरज, सतारमेकर गल्ली, कॅमेरा कॅनन २००डी)

रियाज_विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, नोकरी बँकेत. अकरा वर्षं गाणं शिकते आहे. या पाडव्याला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझ्यासाठी तंबोरा करायला टाकला. तो होत असताना दर शनिवारी दुपारी वडापनं (शेअर गाडीनं) मिरजेला जाते आणि फोटो काढते. भोपळा निवडण्यापासून शेवटची तार चढेपर्यंत सगळं टिपायचं असं ठरवलंय.

कारण सांगते. माझ्या गुरुजींचा तंबोरा याच कारखान्यातला. आता माझा जे चाचा करतायत त्यांच्या वडिलांच्या हातचा. त्या वडिलांचा काम करतानाचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. आहे तो एक पासपोर्ट साइज, तोही कुठल्याशा कार्डावरून मोठा केलेला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात वाद्यांचे फोटो आले, पण कानस धरलेला हात मला कुठं दिसला नाही. चाचांच्या बाबतीत तरी असं होऊ नये एवढंच मनात आहे.

आता अडचणी. खोली दहा बाय बाराची. उत्तरेला एक दार, भिंतीवर दोन एलईडी ट्यूब, आणि चाचा बसतात तिथं डोक्यावर एक पिवळा बल्ब खाली सोडलेला. कॅमेरा २००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, एक जुना ट्रायपॉड.

चाचांचा अर्धा चेहरा हळदीसारखा पिवळा आणि दाराकडची बाजू निळसर येते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशेब) ऑटोवर आहे, त्यामुळं एकापाठोपाठ काढलेले दोन फोटोही सारखे दिसत नाहीत. दांडी रंधताना हात हलतो म्हणून शटर १/५०० केलं, तर फोटोत आडवे काळसर पट्टे आले. आधी वाटलं कॅमेरा बिघडला, पण अंगणात काढलेल्या फोटोंत पट्टे नाहीत. तिसरं, पॉलिशचे पहिले हात बसल्यापासून भोपळा आरशासारखा झालाय. त्यात दार दिसतं, ट्यूब दिसतात आणि मी दिसते.

सगळ्यात अडलंय ते जवारीपाशी, म्हणजे घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) पृष्ठभाग घासून तारेचा आवाज खुलवण्याच्या कामापाशी. गेल्या शनिवारी दुरुस्तीला आलेल्या एका तंबोऱ्याची जवारी चाचांनी माझ्यासमोर काढली. पाऊण तास मी तिथं होते. आवाज मिटलेला होता तो हळूहळू उलगडत गेला, खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सुराच्या) तारेतून गंधार स्वच्छ ऐकू यायला लागला. त्या पाऊण तासात साठ फोटो काढले. सगळ्यांत एक माणूस घोडीवर वाकलेला आहे, एवढंच. काय बदललं ते एकाही फोटोत नाही.

पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकते. ५० एमएम एफ/१.८ घेऊ, मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) घेऊ की फ्लॅश? की यातलं काहीच नको? माझा तंबोरा जवारीला लागायला अजून महिना-दीड महिना आहे.

अजिंक्यतारा_फोटो

ताई, मी साताऱ्याचा. एकवीस वर्षं लग्नं शूट करतोय, त्यामुळं मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटशी माझी जुनी ओळख आहे.

पट्टे कॅमेऱ्यामुळं नाहीत, ट्यूबमुळं आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण १/५०० ला तुमचं शटर पूर्ण उघडतच नाही, एक फट सेन्सरवरून सरकत जाते. ती सरकत असताना ट्यूब मंदावली की तेवढा पट्टा काळा. शटर १/१०० वर आणा म्हणजे ट्यूबचा एक अख्खा हेलकावा फोटोत येतो, १/५० ला दोन येतात. दोन्ही ठिकाणी पट्टे जातील. १/१२५ वापरू नका, तिथं थोडी गडबड राहतेच. मेनूत अँटी-फ्लिकर दिसत असेल तर तेही चालू करा.

तुम्ही म्हणाल १/१०० ला हात हललेला दिसेल. दिसू द्या. चेहरा आणि दांडी स्थिर असेल आणि फक्त रंधा धरलेला हात किंचित पुसट असेल तर काम चाललंय हे कळतं. आणि कुठलाही कारागीर घ्या, हात पुढं जाऊन मागं वळतो तिथं क्षणभर थांबतो. दहा मिनिटं नुसतं बघत बसा, ताल सापडेल. तुम्ही तर गाणाऱ्या आहात.

रंगाचं सांगतो. दोन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की कुठलंही सॉफ्टवेअर ते पुरतं निस्तरत नाही. चाचांना विचारून तो पिवळा बल्ब काढा आणि ट्यूबच्याच रंगाचा पांढरा एलईडी बल्ब लावून द्या. शंभर-दीडशे रुपयांत काम होतंय. मग रॉमध्ये (कॅमेऱ्यानं न बदललेल्या मूळ फाइलमध्ये) शूट करा. पहिल्या फोटोत चाचांच्या मांडीवर कोरा पांढरा कागद ठेवा, घरी त्या कागदावर व्हाइट बॅलन्स टिपा आणि तोच बाकीच्या सगळ्या फोटोंना लावा.

लेन्स. ५० एमएम तुमच्या कॅमेऱ्यावर ८० सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलात तरी अख्खा माणूस आणि अख्खा तंबोरा मावायचा नाही. पण चेहरा आणि हात यासाठी तिच्यासारखी स्वस्त लेन्स दुसरी नाही. तुमची १८-५५ पुढं टोकाला नेली की एफ/५.६ होते (एफचा आकडा जितका मोठा तितका लेन्सचा डोळा बारीक), त्यापेक्षा एफ/१.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पूर्ण खोलीसाठी १८-५५ च वापरा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची क्षमता) ३२०० ला घाबरू नका. कमी आयएसओवर अंधारा फोटो काढून घरी उजळला की दाणे जास्त दिसतात.

फ्लॅश नको. त्या खोलीचा उजेड हाही त्या कामाचाच भाग आहे.

सराफकट्टा_लाइट

मी सांगलीतच सराफ कट्ट्यावर दागिन्यांचे फोटो काढतो. वरच्या दादांशी बाकी सहमत, चकाकीबद्दल माझं थोडं.

गोल आणि चकचकीत वस्तूत काहीतरी दिसणारच, ते घालवता येत नाही. काय दिसावं एवढंच आपल्या हातात असतं. सोन्याच्या बांगडीचं जे, तेच भोपळ्याचं. दाराला धुतलेलं पांढरं धोतर किंवा पातळ चादर ताणून बांधा, सुरकुती न ठेवता. मग भोपळ्यात दार दिसण्याऐवजी एक मऊ लांबट उजळ डाग दिसेल. त्या डागानंच भोपळ्याची गोलाई कळते, तो पुसू नका. ट्यूब तेवढ्यापुरत्या बंद करा. कॅमेऱ्याच्या बाजूला काळं कापड धरा, स्वतः गडद कपडे घाला. समोरच्या बाजूला थर्माकोलची शीट उभी केली की अंधारी बाजू उघडते.

कोणीतरी पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) सुचवेल म्हणून आधीच सांगतो. पॉलिशवरची चमक तो कमी करतो, पण ठरावीक कोनातूनच. भोपळा गोल, म्हणजे प्रत्येक ठिकाणी कोन वेगळा. एका जागी चमक जाईल, शेजारी राहील. धातूच्या तारांवर तर त्याचा उपयोगच नाही. वर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड खाणार. तुमच्या खोलीत ते परवडणार नाही.

जवारीसाठी मॅक्रो लेन्स घ्यायची घाई नको. ५० घेतलीत तर तिच्यामागं एक्स्टेन्शन ट्यूब लावा. तिच्यात काच नसते, ती नुसती पोकळ नळी. २० मिमीची लावली की चार ते साडेपाच सेंटीमीटर रुंदीचा भाग फ्रेमभर येतो, म्हणजे घोडीचा हवा तेवढा तुकडा. फक्त इलेक्ट्रॉनिक पिना असलेलीच घ्या. साध्या नळीतून कॅमेरा आणि लेन्स बोलत नाहीत, अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

इतक्या जवळून एफ/१.८ ला केसाएवढंच शार्प येईल. ट्रायपॉड, एफ/११, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून हातानं फोकस, दोन सेकंदांचा टायमर. शटर एक सेकंदापर्यंत गेलं तरी चालेल, घोडी कुठं पळत नाही. मात्र त्या वेळी तार छेडू नका.

गल्लीतला

आमच्या घरात चार पिढ्या हेच काम. मी स्वतः आता दुसरी नोकरी करतो, पण लहानपणी सुट्टीभर कारखान्यातच असायचो.

ताई, जवारी तोंडावर किंवा हातावर शोधू नका, ती घोडीवर सापडते. तार छेडली की ती घोडीच्या उतारावर टेकते, सुटते, परत टेकते. वाजवून वाजवून तारेची एक रेघ घोडीवर उमटते, काळपट, काही ठिकाणी चकाकणारी. जवारी बिघडली की ती रेघ खोल गेलेली असते, खाच झालेली असते. कारागीर पहिल्यांदा तीच बघतो. मग तारा सैल करून बाजूला घेतो, कानस मारतो, काचकागद फिरवतो, तार परत चढवतो, ऐकतो. पुन्हा तेच. शेवटी खाच गेलेली असते, पृष्ठभाग सलग होतो आणि तारेखाली सूत येतं. ते सूत केसभर मागं-पुढं सरकवलं की आवाज कसा खुलतो ते तुम्ही ऐकलंच आहे.

तेव्हा तुमचे फोटो तीन. कानस लागण्याआधीची घोडी, मधली पांढुरकी घासलेली घोडी, आणि सूत घातलेली घोडी. तिन्ही एकाच जागेवरून, एकाच उजेडात. समोरून उजेड आला तर खाच दिसणारच नाही. अगदी आडवा, घोडीला घासून गेला पाहिजे. आमचे आजोबा रॉकेलची चिमणी घोडीच्या बाजूला खाली ठेवून बघायचे. तुम्ही मोबाइलचा टॉर्च तसा धरा.

अजून दोन गोष्टी. जवारी चालू असताना दिवे बंद करायला सांगू नका आणि शटरचा आवाजही करू नका, तो माणूस कानानं काम करतोय. तार चढवून झाली, त्यानं मान वर केली, की मग काढा. आणि कारखान्यात लेन्स बदलू नका. तुनीच्या लाकडाचा भुसा इतका बारीक असतो की सेन्सरवर बसला तर निघता निघत नाही. बाहेर कट्ट्यावर जाऊन बदला.

अजिंक्यतारा_फोटो

हे भारी सांगितलंत. मी घोडी फक्त स्टेजवरून बघितली होती. ताई, यात भर एकच. तिन्ही फोटोंना एक्स्पोजर मॅन्युअल आणि तेच ठेवा. घासलेली घोडी पांढरी दिसली की कॅमेरा ऑटोमध्ये तिला काळपट करून टाकेल.

रियाज_विश्रामबाग

तीन शनिवार गेले, म्हणून सविस्तर लिहिते.

बल्ब बदलला. चाचा पहिल्यांदा नको म्हणाले, पिवळ्यात लाकडाचा रंग बरा कळतो म्हणाले. मग असं ठरलं की मी असते तेवढा वेळ पांढरा, मी निघताना जुना परत लावून द्यायचा. १/१०० ला पट्टे गेले. चेहऱ्याचा रंग आता चाचांचा वाटतो.

धोतर माझ्या वडिलांचं नेलं. बांधत असतानाच वीज गेली आणि पुढची चाळीस मिनिटं आलीच नाही. फक्त दारातून धोतरातून येणारा उजेड होता. आयएसओ ३२००, १/५०, ५० एमएम एफ/२ वर. (लेन्स सेकंडहँड घेतली, काच टॉर्चनं तपासून, बुरशी नाही.) भोपळ्यावर वरपासून खालपर्यंत एकच लांब उजळ पट्टा आला आणि त्याच्या शेजारी पॉलिशचा कापडी बोळा फिरवणारा हात. पाऊस सुरू झाला की दमटपणानं पॉलिशवर पांढुरकी झाक येते, म्हणून चाचा उरलेले हात आता कोरडी हवा बघूनच देणार आहेत. त्यामुळं माझा तंबोरा थोडा लांबला.

जवारीचे फोटो दुरुस्तीच्या दुसऱ्या एका तंबोऱ्यावर काढले. ‘गल्लीतला’ यांनी सांगितलं नसतं तर ती रेघ मला जन्मात दिसली नसती. टॉर्च घोडीच्या डावीकडून जवळजवळ आडवा धरला. चार तारांच्या चार रेघा. पंचमाची उथळ, मधल्या दोन जोडांच्या (एकाच सुराच्या तारांच्या) सारख्या आणि खर्जाची इतकी खोल की तिच्या काठाची सावली पडली होती. चाचांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, वाजवणारा खर्जावर बोट जोरात मारतो, त्याला सांगायला पाहिजे. मग तोच फोटो त्यांनी त्या गिऱ्हाइकाला पाठवायला लावला.

घासल्यानंतरचा फोटो नीट आहे. सुताचा फसला. सूत कॅमेऱ्याच्या बाजूला सरकलं होतं आणि फोकस मागं तारेवर राहिला. एफ/११ लाही दोन्ही एकदम शार्प येत नाहीत. पुढच्या वेळी फोकस सुतापासून तारेकडं थोडा थोडा सरकवत पाच-सहा फोटो काढून घरी जोडून बघणार आहे.

नळी मी मैत्रिणीकडून उसनी आणली होती, तिला परत द्यायची आहे. कोणाकडं कॅननची पिनावाली २० मिमी विकायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा कुठूनही येऊन घेईन.