विषय: उत्तर: भत्ता कापला की किती वाचतात?

18 मे 2024

मंडळी, नमस्कार.
पुढच्या शनिवारच्या कट्ट्यावर मी बेकारी भत्त्यावर बोलतोय. आमच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने जुलै 2013 पासून आठवड्याचा कमाल भत्ता 535 डॉलरवरून 350 वर आणला, मुदत 26 आठवड्यांवरून 20 च्या आत. राज्याच्या डोक्यावर भत्त्यांसाठी काढलेलं अमेरिकी केंद्र सरकारचं अडीच अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज होतं, ते 2015 मध्ये फिटलं. हिशेब सोपा आहे: जुना भत्ता वजा नवा, गुणिले माणसं. एक्सेल जोडलंय. गावाकडचं एखादं उदाहरण मिळेल का? दादा, तुम्ही सध्या यवतमाळात, घाटंजीकडेच ना?
– रॅलेकर

19 मे 2024

रॅलेकर,
उदाहरण आहे, पण तुमच्या एक्सेलात मावायचं नाही.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आता पेरणीपर्यंत हाताला काम नाही. शेजारच्या काकूंनी रोजगार हमीचं (मनरेगाचं) जॉब कार्ड दाखवलं. साखरेच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याखाली खोचलेलं, आतली पानं कोरी. म्हणाल्या, "अर्ज देल्ला होता बाबू, पावती मांगतली तं म्हणते, काम निघालं का बलावतो."

सगळी मेख त्या पावतीत आहे. मनरेगात 2024 च्या नियमाने मागणीपासून 15 दिवसांत काम दिलं नाही तर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा भत्ता, पुढे किमान निम्मा. महाराष्ट्रात 2024-25 ची मजुरी 297 रुपये, म्हणजे दिवसाला सव्वाचौऱ्याहत्तर. हा भत्ता राज्याने द्यायचा. आणि मजुरी? पहिल्या 100 दिवसांची सगळी केंद्राची. कायदा करणाऱ्यांनी डोकं लावलं होतं: काम न देणाऱ्या राज्याच्याच खिशाला चाट बसावी. पण तारखेची पावतीच नसेल तर 15 दिवस मोजायचे कुठून?

धरा, अशा 30 बाया, महिनाभर. तुमच्या पद्धतीने राज्याचे 66,825 रुपये 'वाचले'. पण काम निघालं असतं तर गावात 2,67,300 आले असते, तेही दिल्लीहून. (साहित्याच्या खर्चात राज्याचा वाटा असतो, तो मी धरलेला नाही.) ते आले नाहीत म्हणून काकूंची सून हैदराबादला बांधकामावर गेली आणि नातू शाळा सोडून तिच्यासोबत. हे कुठल्या रकान्यात टाकता?

आणि तुमच्याकडेही तेच झालं की! त्या वेळी लांब मुदतीच्या बेकारांना केंद्राच्या पैशाने वाढीव भत्ता मिळत होता. साप्ताहिक रक्कम कापायची नाही, ही त्याची अट. राज्याने कापली आणि हजारोंचा तो भत्ता एकदम बंद. कर्ज फिटलं त्यात मालकांवर बसलेला जादा केंद्रीय करही होता. ते सगळं श्रेय कपातीच्या खात्यावर मांडू नका.
– दादा

दादा,
केंद्राच्या पैशाचा रकाना मी धरलाच नव्हता, आज घालतो. लोक भत्ता कमी झाला म्हणून लवकर कामाला लागले की नुसतेच यादीतून गळले, हेही वेगळं करावं लागेल. तेवढा डेटा माझ्याकडे नाही. शनिवारी तुम्हीच बोला ना अर्धा तास.
– रॅलेकर

बोलतो, लाइन असली तर. उद्या काकूंसोबत पंचायतीत जातोय. नमुना 4 च्या, म्हणजे काम मागायच्या अर्जाच्या, दोन प्रती काढल्यात, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही असं त्यांनीच ठरवलंय.
– दादा