अठराव्या वर्षी हाती येणारी पहिली गाडी: आपण कोणती निवडली आणि का?

माझी मुलगी गेल्या महिन्यात अठरा वर्षांची झाली. शिकाऊ परवाना निघाला आहे आणि पक्का परवाना मिळाला की महाविद्यालयात रोज स्वतः गाडी नेण्याची तिची इच्छा आहे. नातेवाइकांचा सल्ला एकच आहे: पहिली गाडी कुठेतरी घासणारच, तेव्हा दीड-दोन लाखांची जुनी घेऊन टाका. हा हिशेब मला पटत नाही, कारण त्यामुळे घरातला सर्वांत नवखा चालक सर्वांत कच्च्या गाडीत बसतो. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे त्यांनी काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, हे कृपया सविस्तर लिहावे.

एक आई, नाशिक

आम्ही नेमकी तीच चूक केली. भावाची २०१२ सालची हॅचबॅक घरात होती, ती मुलाला दिली. तिच्यात ना एअरबॅग होती, ना एबीएस. पावसाळ्यात कसारा घाटात पुढचा टेम्पो अचानक थांबला, मुलाने घाबरून ब्रेक पूर्ण दाबला, चाके जाम झाली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवूनही गाडी ओल्या रस्त्यावरून सरळ घसरत जाऊन टेम्पोवर आदळली. मनगट मोडण्यावर निभावले. "आई, मी स्टिअरिंग फिरवत होतो गं, गाडीच वळत नव्हती," असे तो दवाखान्यात पुन्हा पुन्हा सांगत होता. एबीएसचे काम हेच असते. ते चाके जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत ते सक्तीचे आहे आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून.

दुसऱ्यांदा आम्ही २०२२ सालची, दोन एअरबॅग असलेली गाडी शोधली. सुरक्षेचे तारे पाहताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. तारे गाडीच्या नावाला नसतात, तपासलेल्या आवृत्तीला असतात. गाड्या मुद्दाम आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने टाटा नेक्सॉनला ऑगस्ट २०१८ मध्ये पाचपैकी चार तारे दिले आणि सुधारणा केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच. जुनी गाडी घेताना ती बदलाच्या आधीची की नंतरची, हे विचारलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे.

गॅरेजचालक, कोल्हापूर

नाशिकच्या ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे, पण कागदावर एअरबॅग असणे आणि गाडीत ती शाबूत असणे यांत फरक आहे. जुनी गाडी पाहायला गेलात की इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा. मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागून राहिला तर बिघाड आहे, आणि मुळीच लागला नाही तर त्याहून वाईट, कारण अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता दिव्याची वायर काढून ठेवलेल्या गाड्या मी स्वतः उघडून पाहिल्या आहेत. मग दाराचे रबर थोडे सोलून आतले वेल्डिंगचे गोल ठिपके पाहा. कारखान्यातले ठिपके सारख्या अंतरावर असतात, ठोकून सरळ केलेल्या गाडीत ते वेडेवाकडे दिसतात किंवा रंगाखाली बुजलेले असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी इतके जुने, कडक झालेले रबर पावसात पकड धरत नाही. मुलांसाठी गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी टायर बदलायला लावतो, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर.

एक बाबा, न्यू जर्सी

इथे सतराव्या वर्षी मर्यादित परवाना मिळतो, नंबरप्लेटवर लाल पट्टी लावावी लागते आणि रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवता येत नाही. आयआयएचएस ही अमेरिकेतली वाहनसुरक्षा संस्था किशोरांसाठी योग्य अशा जुन्या गाड्यांची यादी प्रसिद्ध करते. फार लहान गाडी नको, ताकदवान इंजिन नको आणि घसरती गाडी सावरणारे ईएससी हवेच, हे तिचे धोरण. आम्ही त्या यादीतली मध्यम आकाराची सेडान घेतली.

एक आजोबा, ठाणे

अठरा पूर्ण होण्याआधी सोसायटीच्या आवारातही चावी देऊ नये. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, शिवाय मुलाला पंचवीस वर्षांचे होईपर्यंत परवाना मिळत नाही.

वीस वर्षांची चालक, रत्नागिरी

गाडी निवडताना मुलांना सोबत न्यावे, एवढीच विनंती. माझी उंची पाच फूट आहे. बाबांना आवडलेल्या उंच एसयूव्हीत क्लचपर्यंत पाय पोहोचावा म्हणून सीट पुढे घेतली की माझी छाती स्टिअरिंगला जवळजवळ टेकत होती, आणि छाती व स्टिअरिंग यांत साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर नसेल तर उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते. शेवटी बाबा शाळेची फूटपट्टी घेऊन आले. तीन गाड्यांत मला बसवून त्यांनी ते अंतर मोजले आणि सीटची उंची व स्टिअरिंग दोन्ही वरखाली होणारी साधी हॅचबॅक आम्ही घेतली.