विमानात पैसे भरलेली आईल सीट सोडावी लागली, कुणाचं चुकलं?

शिरोली_फौंड्री:
मंडळी, शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं काम आहे माझं, ऑर्डरीसाठी महिन्यातनं दोनदा तरी कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं बेंगळुरूला जाणं होतंच. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय दुमडून बसवत नाही म्हणून दरवेळी जादा पैसे भरून आईल, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट घेतो. गेल्या बुधवारी बसलो, बेल्ट लावला, तोवर एअर होस्टेस आली, म्हणाली सर मागं विंडोला बसता का, ह्या ताईंची मुलगी लांब पडलीय. बघतो तर सहा-सात वर्षांची पोरगी अनोळखी माणसाशेजारी, वॉटरबॅग छातीशी गच्च धरलेली, ओठ थरथरायला लागलेले. उठलो की लगेच, त्यात विचार कसला करायचा. पण उतरताना पाय सरळ होईना. कस्टमर केअर म्हणतंय तुम्ही स्वतःहून सीट दिली, रिफंड बसत नाही. इतकी वर्षं त्यांच्याच विमानानं जातोय, नेहमीच्या प्रवाशाचं कार्ड आहे, पॉइंट आहेत, मग हे बरोबर आहे का?

राजारामपुरी_तिकिटं:
दादा, एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, सगळ्या कंपन्यांना सांगितलंय, १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (बुकिंग नंबरवरच्या) आईवडील किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी सीट द्यायचीच आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे हे काम कंपनीचं, तुमच्या गुडघ्याचं नव्हे. अडचण 'त्याच पीएनआर'ची आहे. आमच्याकडं कायम होतं, आधी आईचं तिकीट निघतं, आठ दिवसांनी पोरीचं ठरतं, पीएनआर वेगळा पडतो आणि सिस्टीमला कळतच नाही की ह्या मायलेकी आहेत. अशा वेळी फोन करून दोन्ही पीएनआर लिंक करायला सांगायचं. तुम्ही बोर्डिंग पास आणि सीटची पावती जोडून एअरसेवा ह्या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

दोन_पोरांची_आई:
त्या ताईसारखी वेळ माझ्यावरही आलीय म्हणून लिहितेय. वेब चेक-इन उघडलं की बऱ्या सीटवर सगळीकडं रक्कम, फुकटातली एक इथं तर एक तिथं, आणि मग भरल्या विमानात लोकांसमोर हात जोडायचे. रेल्वेत ज्येष्ठांना आणि ४५ वर्षांवरच्या बायकांना लोअर बर्थचा कोटा आहे, गरज ओळखून आधीच बाजूला ठेवतात. इथं आधी विकतात आणि मग एका प्रवाशाला दुसऱ्याच्या तोंडाशी उभं करतात. दादा, तुम्ही उठलात, मनापासून आभार.

आठवड्याला_हैदराबाद:
कार्डवाल्याला आधी सीट निवडू द्यावी ह्यात मला गैर वाटत नाही, त्यासाठीच तर माणूस एका कंपनीला धरून राहतो. पण घेतलेली सीट काढली तर पैसे परत मिळायलाच पाहिजेत, कार्ड असो नसो. ओव्हरबुकिंगमुळं, म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळं, विमानात चढूच दिलं नाही तर २०,००० रुपयांपर्यंत भरपाईचा नियम आहे, बिझनेसमधनं इकॉनॉमीत टाकलं तर देशातल्या प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के परत, हा २०२३ चा. इकॉनॉमीतल्या इकॉनॉमीत हलवलं तर ह्या दोन्हीत बसत नाही, आणि आपलं सगळ्यांचं घोडं तिथंच अडतंय.

शिरोली_फौंड्री:
पावती मेलमध्ये सापडली, आज रात्रीच टाकतो तक्रार. आणि ती ताई सांगत होती पोरीचं ऐनवेळी ठरलं, म्हणजे पीएनआर वेगळाच असणार. ओळखीत कुणी लेकरं घेऊन जाणार असेल तर हे लिंकचं आधी सांगा.