विषय: उत्तर: कोकणासाठी कपडे-ब्लँकेटं आत्ताच गोळा करायची का?

नमस्कार मंडळी,
मे संपत आला. निसर्ग वादळाच्या वेळी इथे परदेशात आपल्या मंडळाची कशी धांदल उडाली ते आठवत असेलच. कपडे ढीगभर जमले, पण बोटीने पोचेपर्यंत दिवाळी आली. म्हणून यंदा पावसाआधीच ब्लँकेटं, कपडे, औषधं खोक्यांत भरून तयार ठेवावीत असं कार्यकारिणीच्या मनात आहे. ज्यांच्या गॅरेजमध्ये जागा असेल त्यांनी कळवावं.
– मेधा

———

मेधाताई,
राग मानू नका, पण कपडे नकोत. मी दोन महिन्यांसाठी आंजर्ल्याजवळ गावी आईकडे आलोय. घरात आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरायची गडबड आहे. सुकी मासळी डब्यांत गेली, लाकडं पडवीत रचून झाली. आई चार महिन्यांचा हिशेब बोटांवर करते, तिला कुठल्या यादीची गरज लागत नाही.

३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आत शिरलं. आम्ही त्याच्या दक्षिणेला, तरी दोन-तीन तासांत वाडी आडवी झाली. पोफळी तर काडेपेटी सांडावी तशा पडलेल्या. बारा वाजता आईशी बोललो तेव्हा मागे सारखी घरघर चालू होती. मग फोन गेला, तो सहाव्या दिवशी लागला. तोवर मी तिकडे बसून टीव्हीवर ‘मुंबई कशी वाचली’ ते ऐकत होतो.

त्या सहा दिवसांत आईला काय हवं होतं? अंगावर घालायला होतं. हवी होती ताडपत्री. कौलं उडालेली आणि पाऊस आठवड्यावर आलेला. ताडपत्री दापोलीत होती, पण दापोलीचा रस्ता झाडांखाली. आख्ख्या वाडीत एकाच घरी कटर होतं (चेनसॉला इथे कटरच म्हणतात). त्या माणसाने सात-आठ जणांना हाताशी घेऊन दीड दिवसात रस्ता मोकळा केला. पेट्रोल संपलं तेव्हा लोकांनी मोटरसायकलींच्या टाक्यांतून काढून दिलं. विहीर काठोकाठ, पण पंपाला वीज नाही आणि रहाट कधीच मोडीत घातलेला. म्हणून सत्तरीच्या बाया कळशीला नायलॉनची दोरी बांधून पाणी शेंदत होत्या. वीज यायला महिना उलटला.

पुढची कथा पंचनाम्याची. मदत आधी हेक्टरवर होती आणि आमच्या वाड्या गुंठ्यांच्या. ओरड झाल्यावर मग झाडामागे दर लावला, माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. नवा माड धरायला सहा-सात वर्षं जातात, हे वेगळं सांगायला नको. आणि आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं! त्यातली सहा मुंबईत नाहीतर परदेशात. संमतीपत्रांसाठी आई तीन आठवडे लोकांना फोन करत होती. एक संमतीपत्र माझंच राहिलं होतं, हेही कबूल करतो.

तेव्हा पाठवायचंच असेल तर ते कागद आत्ता करून पाठवा.
– प्रसाद

———

प्रसादशी सहमत, पण सगळं कोकण एका मापाने मोजू नका. वादळाला निदान नाव मिळतं, दोन-तीन दिवस मिळतात. आम्हा चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ ला रात्रीतून पाणी भरलं. घाटमाथ्यावर कोसळत होता, कोळकेवाडी धरणाचं पाणी वाशिष्ठी नदीला, खाली दाभोळच्या खाडीला भरती. पाणी जाणार कुठे?

आमच्या काकांच्या दुकानात भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. दर पावसाळ्यात ते माल त्या रेघेच्या वर चढवायचे आणि निवांत झोपायचे. त्या रात्रीही चढवला होता. पाणी रेघेच्या हातभर वर गेलं. सगळा हिशेब त्या रेघेवर बेतलेला, तीच चुकली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी साडी खाली सोडून त्यांना वर ओढून घेतलं.

आणि कपड्यांचं म्हणाल तर आठवड्याने ट्रकच्या ट्रक आले. मी स्वतः पाहिलंय, रस्त्याकडेला चिखलात ढीग पडले होते आणि त्यावर गुरं बसली होती. लोक फावडी, बादल्या आणि पाण्याचे पंप मागत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी महाडजवळ तळियेवर दरड आली. तिथे तर ना कटर कामाचं, ना रेघ. डोंगराला भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, की उठून चालू पडायचं. पण भर पावसात गोठ्यातली गुरं टाकून कोण निघतं?
– स्मिता

———

पैशांबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न दर वेळी शेवटच्या क्षणी येतो. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांचं दान भारतात विदेशी देणगी ठरतं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) असलं तरी. घेणारी संस्था एफसीआरएखाली (विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली) नोंदलेली हवी आणि तिचं त्यासाठीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच असावं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे ‘मोठ्या संस्थेला देऊ, ती गावातल्या मंडळाला देईल’ हा आपला जुना मार्ग बंद. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ही अडचण नाही. संस्था निवडायची असेल तर जूनच्या आधी निवडा, वादळ आल्यावर माझ्या मागे लागू नका.
– विनूकाका

———

विनूकाका, स्मिता, मान्य. मोठा निधी उभारायचा तेव्हा उभारू.

आज कटरवाल्याकडे जाऊन आलो. मशीन चालतं, पण साखळी पार बोथट. नवी खेडला मिळते म्हणाला, दोन आणायला सांगितल्यात. पैसे मी घालतो, मंडळाच्या हिशेबात धरू नका. जुना रहाट गोठ्याच्या माळ्यावर सापडला, सुतार रविवारी येतोय. वाडीतल्या नऊ घरांचे नंबर कागदावर लिहून आईने देवघराच्या दारामागे चिकटवलेत, त्यात वर १०७७ (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) आणि तलाठ्यांचा.

मेधाताई, मुरुडलाही जाऊन आलो. तुमच्या शेजारच्या काकूंना विचारलं, घराची किल्ली तुमच्याकडेच ना? म्हणाल्या, होती, दोन वर्षांपूर्वी तुमचे भाऊ ठाण्याला घेऊन गेले. दुसरी कोणाकडे आहे?
– प्रसाद