कुडोज : एकच मिळालं तर 'कुडो' म्हणायचं का?

घाटवेडा :
रविवारी बोपदेव घाट चढून आलो आणि राइड स्ट्राव्हा या ॲपवर टाकली. तिथे लोक अंगठा दाखवून शाबासकी देतात, तिला 'कुडोज' म्हणतात. आता ग्रुपवर सायकल राहिली बाजूला, वाद पेटलाय शब्दावर. एक जण म्हणाला, 'मला मेला एकच कुडो आला.' लगेच दुसरा त्याच्या अंगावर, की 'कुडो' असा शब्दच नाही. ऑफिसातली लंडनची बाई तर 'क्यूडॉस' म्हणते. खरं काय? मला तर हा शब्द जपानी वाटायचा.

निवृत्त मास्तर :
जपानी कुठला, अस्सल ग्रीक आहे. आणि आहे एकवचनी! शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही, शब्दाच्याच अंगचा आहे. संस्कृत शिकला असाल तर 'यशस्', 'तेजस्' आठवा. हा त्याच घडणीचा नपुंसकलिंगी शब्द. 'यशस्'मधला 'स्' काढून कोणी 'एक यश, दोन यशस्' म्हणायला लागला तर कसं वाटेल? 'कुडो'चं तसंच झालंय.

होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात हा शब्द रणांगणावरचा आहे. २२व्या सर्गात ट्रॉयच्या हेक्टरला मारण्याआधी अथीना देवी ग्रीक योद्धा अकिलीसला म्हणते, आपण दोघं आता ग्रीकांना मोठं 'कुदोस' मिळवून देऊ. हे देवानं पदरात टाकायचं वैभव, ज्याला लाभलं त्याची सरशी. लोकांच्या तोंडी राहते त्या कीर्तीला ग्रीकांचा वेगळा शब्द होता, 'क्लेओस'. तो आपल्या 'श्रवस्'चा सख्खा भाऊ, म्हणजे 'ऐकू येणारी' कीर्ती. तुमच्या अंगठ्यांना खरं तर हाच जास्त शोभला असता, पण आता कोण ऐकतंय!

इंग्रजीत तो १९व्या शतकात आला, ब्रिटिश विद्यापीठांतल्या पोरांच्या बोलीतून. ग्रीक घोकून घोकून पिकलेली पोरं ती. तेव्हा अर्थ होता नाव, प्रतिष्ठा. 'शाबासकी' हा अर्थ १९२०च्या दशकातला. 'स' ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि 'कुडो' जन्माला आला.

चहाबाज :
मास्तर, पण इंग्रजीला ही खोड जुनीच आहे की. 'पीज' हा मूळचा एकवचनी शब्द, त्याचा 'ज' छाटून 'पी' केला, म्हणजे आपला वाटाणा. 'चेरी'चंही तेच, नॉर्मन फ्रेंच 'शेरीज'वरून. त्यांना कोणी चूक म्हणत नाही. आणि 'कुडो' मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात सापडतो, बघा उघडून.

निवृत्त मास्तर :
सापडतो, मान्य. कोशात चोरवाटेनं आलेलेही राहतात. माझ्या हाताखाली निबंध आला तर मात्र लाल रेघ पक्की.

घाटवेडा :
आणि उच्चार? बाईंना काय सांगू?

चहाबाज :
काही सांगू नकोस, त्यांचं बरोबर आहे. ब्रिटिश 'क्यूडॉस' म्हणतात, 'कूडोज' अमेरिकेकडचं. ते असू दे, बोपदेवला गिअर कुठला लावला होतास? माझी चेन शेवटच्या वळणावर हमखास उतरते.