‘क्रॉन लावा आणि झोपा’वाल्यांसाठी

महापेचा मजूर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं: "स्ट्रीम-बिम सगळी फॅशन. फाइल वाचा, दर मिनिटाला क्रॉन लावा आणि झोपा." (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारा प्रोग्राम; स्ट्रीम म्हणजे डेटा तुकड्यातुकड्यांत घेणं.) वर लाइकचा पाऊस. मी झोपलो होतो, म्हणून बोलतोय. सव्वा जीबीची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मांडलेला तक्ता), एक जीबी रॅमचा सर्व्हर, नोड जेएसच्या रीडफाइलने अख्खी फाइल मेमरीत. रात्री अडीचला फोन. तुकड्यांत वाचणारं क्रिएटरीडस्ट्रीम असतं तर एका वेळी ६४ केबीच आलं असतं. तेही वाचन आणि लेखन जोडणाऱ्या पाइपलाइनमधून घ्या; डेटाबेस दमला की वाचन आपोआप थांबतं. आणि मिनिटाचा क्रॉन? पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू. गिऱ्हाइकांना एकच मेसेज दोनदा.

ऐरोलीकर:
ती पोस्ट माझी. दोनदा मेसेज गेला तो क्रॉनमुळे नाही, तुमच्यामुळे. फ्लॉक -एन नावाची चीज आहे, पहिली फेरी चालू असेल तर दुसरी सुरूच होऊ देत नाही, एका ओळीचं काम. १९७०च्या दशकातल्या युनिक्सपासून क्रॉन चालतोय. आमच्याकडे दिवसाला साडेतीनशे ऑर्डरी, त्यासाठी एका हुशार पोराने काफ्का बसवला, म्हणजे प्रचंड डेटाच्या प्रवाहासाठीची यंत्रणा. तीन ब्रोकर, म्हणजे तिचे तीन सर्व्हर! पोरगा पुण्याला गेला, काफ्का माझ्या गळ्यात.

महापेचा मजूर:
मी काफ्काचं नाव तरी काढलं का? स्ट्रीम म्हटलं की काफ्का, हे तुमच्या डोक्यातलं.

घणसोली लोकल:
दोघंही सर्व्हरवरच भांडताय. आमचा डॅशबोर्ड दर सेकंदाला ‘नवीन काही?’ विचारायचा. ठाण्याला फलाटावर उभं राहून दर सेकंदाला वाशी गाडी आली का विचारावं तसं. एसएसई लावलं, म्हणजे नवीन काही आलं की सर्व्हरच ब्राउझरला कळवतो. कनेक्शन तुटलं तर ब्राउझरमधला इव्हेंटसोर्स स्वतःच परत जोडतो, शेवटच्या मेसेजचा आयडीही पाठवतो. फक्त वेबच्या जुन्या एचटीटीपी १.१ वर सहा टॅब उघडले की सातवा लटकतो.

घोडबंदरचा नवखा:
दादा, ६४ केबीवरून विचारतो. तुकड्यांत वाचायला लागल्यापासून मधूनच एखाद्या नावात प्रश्नचिन्हं येतात. अर्धी ओळ पुढच्या तुकड्याला जोडतोय, तरीही. इंग्रजी नावं कधीच बिघडत नाहीत. क्लायंट म्हणतो, मराठीचा प्रॉब्लेम आहे, नावं इंग्रजीतच घ्या.

महापेचा मजूर:
क्लायंटला सांग, प्रॉब्लेम तुझ्या कोडचा आहे! यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला (अक्षर, मात्रा) तीन बाइट लागतात. ६५५३६ला तीनने भागून बघ, एक उरतो. म्हणजे तुकडा अक्षराच्या मधोमध कापला जाऊ शकतो. प्रत्येक तुकड्यावर टूस्ट्रिंग करतोस ना, म्हणजे बाइटचा लगेच मजकूर? सोड ते. स्ट्रीम उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ दे, अर्धे बाइट तो सांभाळून ठेवतो.

ऐरोलीकर:
म्हणजे रीडफाइलला हा त्रासच नव्हता. नोंद घ्यावी.

घणसोली लोकल:
नोंद घेतली. सव्वा जीबीचीही घ्या. आणि ‘नावं इंग्रजीत घ्या’ हे मी दहा वर्षं ऐकतोय. टेस्टिंगला सगळीकडे ‘टेस्ट युजर एक, दोन’. एकानेही कधी ‘ज्ञानेश्वर’ टाकून बघितलं नाही. मग लाइव्ह गेल्यावर मराठी माणसाचं नावच चुकीचं!

ऐरोलीकर:
यावर मात्र भांडणार नाही. आमच्या पगारपत्रकात माझंच आडनाव चौकोनात येत होतं.

महापेचा मजूर:
मग स्ट्रीम?

ऐरोलीकर:
रॅमपेक्षा मोठी फाइल असेल तर वापरा बाबा, कोण अडवतंय. पण तो स्ट्रीम रात्री सुरू कोण करणार? क्रॉनच. आणि सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, आहे का बघा, नाहीतर बाराचं काम पहाटे साडेपाचला.

घोडबंदरचा नवखा:
दादा, प्रश्नचिन्हं गेली! पण तयार सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की सगळाच कचरा.

महापेचा मजूर:
फाइलच्या सुरुवातीला बीओएम टाक, ही यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगणारी खूण. आणि आता वेगळा धागा काढ.